ध्रुवाकडची जमीन वितळते तेव्हा

नरखेड तालुक्यात मे महिन्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. इथल्या मुलांना ‘बाराही महिने गोठलेली जमीन’ समजावायची म्हणजे पंचाईतच. मग आम्ही फ्रीजरचं उदाहरण देतो. बकरी ईदचं गोश्त फ्रीजरमध्ये टिकतं, पण दोन दिवस लाईन गेली की वास सुटतो. पोट्टे लगेच समजतात.

आर्क्टिकमध्ये हेच चाललं आहे. सलग दोन वर्षं किंवा जास्त काळ शून्य अंशाखाली राहिलेल्या जमिनीला पर्माफ्रॉस्ट म्हणतात. सैबेरिया, अलास्का, कॅनडात तिचा बराच भाग हजारो वर्षांपासून गोठलेला आहे. आत न कुजलेलं गवत, मुळ्या, जनावरांचे अवशेष. ती वितळली की जंतू कामाला लागतात आणि कार्बन डायऑक्साइड, मिथेन बाहेर पडतात. आज हवेत जेवढा कार्बन आहे, त्याच्या जवळपास दुप्पट तिथे गाडलेला आहे.

किनाऱ्यावर नुकसान डोळ्यांना दिसतं. तिथे मातीला बर्फानेच सिमेंटसारखं धरून ठेवलंय. त्यात उन्हाळ्यात समुद्रावरचा बर्फ कमी झाल्याने लाटा थेट काठावर आदळतात. आर्क्टिकचा किनारा सरासरी वर्षाला अर्धा मीटर मागे सरकतो. अलास्कात काही ठिकाणी एका वर्षात 20 मीटरही गेला आहे. ही माती पाण्यात उतरते, पाणी गढूळ होतं, ऊन खोल पोचत नाही. मग सूक्ष्म शेवाळ कमी होतं, आणि त्याच्यावरच बारीक जीव, मासे, सील आणि शेवटी पांढरं अस्वल जगतं. शिवाय मातीतला कार्बन पाण्यात कुजला की पाणी आम्लधर्मी होतं, शिंपल्यांना कवच बनवणं जड जातं.

जमिनीवर काही तळी एकाएकी रिकामी होतात, दुसरीकडे नवी खचतात. याच दलदलीत लिटल स्टिंट हा चिमणीएवढा पक्षी अंडी घालतो आणि थंडीत भारतात, आपल्या तलावांच्या चिखलात उतरतो. म्हणजे त्याचं माहेर तिकडे आणि मुक्काम इकडे!

आपला देशही तिथे नजर ठेवून आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आहे. स्वालबार्ड बेटांवरचं ‘हिमाद्री’ केंद्र 2008 साली सुरू झालं, तर 2014 मध्ये तिथल्या खाडीत पाण्याखाली ‘इंडआर्क’ ही मोजणी-यंत्रणा बसवली गेली.

यंदा थंडीत मुलांना तलावावर नेऊन तो पक्षी दाखवायचा आमचा विचार आहे. दुर्बीण एकच आहे, आळीपाळीने बघावं लागेल.