वर्दी नाही, तरी देशसेवाच!

बीडच्या क्रीडा संकुलावर पहाटे चक्कर मारा. भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी राउंड मारताना दिसतील. वर्दीचं स्वप्न खरंच, पण जागा थोड्या आणि उंची-छातीचं माप ठरलेलं. ते हुकलं की देशसेवेचं दार बंद? अजिबात नाही!

ऑगस्ट २०१८ आठवा. पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या एटीएम यंत्रणेत हॅकर घुसले. खात्यात पैसे आहेत का, हा प्रश्न बँकेच्या मूळ यंत्रणेपर्यंत पोचूच दिला नाही. त्यांच्या बनावट यंत्रणेनेच परस्पर ‘हो’ म्हणून टाकलं. तीन दिवसांत ९४ कोटी गायब, त्यातले बरेचसे २८ देशांतल्या एटीएममधून! एटीएमसमोर बनावट कार्ड घेऊन उभे राहिलेल्यांत आपल्याकडचेही होते. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने ११ जणांना शिक्षा सुनावली.

असे हल्ले रोखायला आणि त्यांचा माग काढायला शिकलेली माणसं लागतात. पदवीनंतर त्यासाठी दोन वाटा आहेत.

पहिली तांत्रिक. बीएस्सी, बीसीए किंवा इंजिनिअरिंग केलेल्यांसाठी गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात सायबर सुरक्षेची एमएस्सी आहे. ‘गेट’ दिली असेल, तर पुण्याच्या ‘डायट’मधलं सायबर सिक्युरिटीचं एमटेक बघा. जवळच हवं असेल, तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थेत डिजिटल व सायबर फॉरेन्सिकचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे.

दुसरी वाट धोरणाची. बीए झालेल्यांनो, हे तुमच्यासाठी! सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण व सामरिकशास्त्रात एमए करता येतं. सीमा, दहशतवाद, परराष्ट्र धोरण असे विषय तिथे अभ्यासतात. इथे कोडिंग नाही. वाचन आणि इंग्रजी मात्र पक्कं हवं.

प्रवेशाआधी पात्रता, फी आणि प्रवेश परीक्षेची तारीख विद्यापीठाच्याच वेबसाइटवर तपासा. ‘तीन महिन्यांत हॅकर’ बनवणाऱ्या क्लासला घरच्यांच्या घामाचे पैसे देण्याआधी दहादा विचार करा.

आणि एक. ‘तुझं बँक खातं वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो,’ असं कुणी म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. फसवणुकीचे पैसे अशाच खात्यांतून फिरतात आणि पोलीस आधी खातेदाराच्याच दारात येतात. मग भरतीचं चारित्र्य प्रमाणपत्र विसरा! कुणी फसलंच, तर लगेच १९३० वर फोन करा. देशसेवा तिथूनही सुरू होते.