साच्याची विभाजन रेषा

प्लॅस्टिकची बाटली हाती घेऊन पाहिली असता तिच्या दोन्ही अंगांना वरपासून खालपर्यंत एक बारीक रेघ आढळते. पुष्कळांना तो दोष वाटतो. वस्तुतः साच्याचे दोन अर्ध जेथे मिळतात, त्या जागेची ती खूण होय. तिला विभाजन रेषा किंवा कारखान्यातील बोलीत 'पार्टिंग लाइन' म्हणतात.

ही रेषा मनास येईल तेथे घेता येत नाही. चेंडूचा साचा बरोबर मध्यावर दुभागला पाहिजे. रेषा मध्याच्या वर घेतल्यास खालच्या साच्याचे तोंड चेंडूच्या पोटापेक्षा अरुंद होते आणि चेंडू आत अडकून बसतो. अशा अडणाऱ्या भागास 'अंडरकट' म्हणतात.

योग्य जागा ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. साचा ज्या दिशांनी उघडावयाचा, त्या दिशांनी वस्तूवर प्रकाश पडत आहे अशी कल्पना करावी. वरून उजळतो तो भाग वरच्या साच्याचा, खालून उजळतो तो खालच्या साच्याचा व दोहोंमधील सीमा ही विभाजन रेषा. कोणत्याही बाजूने उजळत नाही, तो भाग अडणारा समजावा.

बंद कानाचा मग घेऊ. साचा वर-खाली उघडल्यास कानाच्या पोकळीतील तळाकडील पृष्ठ दोन्हीकडून अंधारात राहते. म्हणून बाहेरचा साचा डावा व उजवा असा करून रेषा कानाच्या मध्यातून नेतात. आतील पोकळीसाठी वर ओढून काढता येईल असा निराळा गाभा ठेवतात.

आता हे काम संगणकावर होते. तेथे वस्तू अनेक पृष्ठखंड जोडून दाखविलेली असते. प्रथम साचा उघडण्याची दिशा ठरवावी, नंतर रेषा आखून तीवरून पृष्ठखंड कापावेत व त्यांचे दोन गट करावेत. रेषेपासून बाहेर साच्याच्या कडेपर्यंत विभाजन पृष्ठ पसरावे. मगाच्या कानासारखी आरपार छिद्रेही पृष्ठाने बंद करावी लागतात. कोठे बारीकशी फट राहिली, तरी ठोकळ्याचे दोन भाग होत नाहीत. ओढण्याच्या दिशेस समांतर असलेल्या भिंतींना साधारणतः 1 अंश उतार द्यावा, म्हणजे वस्तू घासत नाही. थंड होताना धातू आकसतो, हेही ध्यानी ठेवावे. करड्या बिडासाठी माप सुमारे 1 टक्का वाढवितात, म्हणजे 100 मिलिमीटरच्या जागी 101.

पडद्यावरील चूक क्षणात पुसता येते. पोलाद कापल्यावर मात्र तीच चूक दुरुस्त करण्यात वेळ व पैसा दोन्ही खर्ची पडतात. बेळगाव परिसरातील ओतशाळांत काम करू इच्छिणाऱ्या तरुणांनी संगणकापूर्वी हा विचार हातांनी शिकावा. शिक्षकांनी ओल्या मातीत चेंडू निरनिराळ्या खोलीपर्यंत दाबून तो केव्हा सुखरूप निघतो व केव्हा मातीची कड मोडतो, हे मुलांकडून करवून घ्यावे. त्यास खर्च काहीच येत नाही.