शेवटून पहिला

वर्गात सर्वांत कमी गुण मिळवणाऱ्या मुलाला 'शेवटून पहिला' म्हणून चिडवायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. पण पाच वेळा पहिला आलेला मुलगाच एखाद्या वर्षी शेवटून पहिला आला, तर चिडवणारेही गप्प होतात आणि घरची माणसे विचारात पडतात, की हे झाले तरी कसे? मुंबई इंडियन्स या संघाचे २०२२ साली नेमके हेच झाले. पाच वेळा आयपीएल जिंकलेला हा संघ त्या वर्षी दहा संघांत दहावा आला. चौदा सामन्यांत चार विजय आणि दहा पराभव. त्यातले पहिले आठ पराभव तर ओळीने.

खलिफा सिटीतल्या आपल्या मंडळींना या संघाची दोन्ही रूपे परिचयाची आहेत. येथून गाडीने थोड्याच अंतरावर असलेल्या झायेद क्रिकेट स्टेडियमवर १६ एप्रिल २०१४ रोजी मुंबई कोलकात्याकडून ४१ धावांनी हरली. लोकसभा निवडणुकीमुळे त्या वर्षीच्या स्पर्धेचा पहिला टप्पा अमिरातीत झाला होता. पुढे दुबई आणि शारजातले चार सामनेही हरून हा संघ रिकाम्या हाताने मायदेशी परतला. २०२० साली करोनामुळे संपूर्ण स्पर्धाच येथे आली, तेव्हा हाच संघ अबू धाबीत मुक्काम ठोकून राहिला आणि दुबईतला अंतिम सामना जिंकून पाचवा करंडक घेऊन गेला. त्यानंतर दोनच वर्षांत तो तळाला जावा, याचे कोडे उलगडण्यासारखे आहे.

हंगामाआधीचा हिशेब

एखादा सामना मैदानावर हरला जातो. संपूर्ण हंगाम हरण्याची तयारी मात्र बहुधा आधीच होऊन बसलेली असते. २०२२ साली गुजरात आणि लखनौ हे दोन नवे संघ आले आणि सर्वांचीच घडी मोडून नव्याने लिलाव झाला. जुन्या संघांना जास्तीत जास्त चार खेळाडू राखता येणार होते. मुंबईने रोहित शर्मा (१६ कोटी), जसप्रीत बुमरा (१२ कोटी), सूर्यकुमार यादव (८ कोटी) आणि कायरन पोलार्ड (६ कोटी) यांना राखले. एकूण ९० कोटींतले ४२ कोटी तेथेच संपले. उरलेल्या ४८ कोटींत बाकीचा सगळा संघ उभा करायचा होता.

फेब्रुवारीत बंगळूरला झालेल्या लिलावात त्यातले सव्वापंधरा कोटी एकट्या ईशान किशनवर गेले. जोफ्रा आर्चर जखमी असल्याने त्या वर्षी खेळणार नाही हे ठाऊक असूनही त्याच्यासाठी आठ कोटी मोजले गेले. पुढच्या वर्षांवर नजर ठेवून केलेली ही गुंतवणूक होती. संसारात आपणही असेच करतो: गावाकडे जागा घेऊन ठेवतो आणि इथे दोन वर्षे ओढाताण सोसतो. फक्त ओढाताण किती होईल याचा अंदाज चुकला.

दुसरीकडे हार्दिक पंड्या गुजरातला, त्याचा भाऊ कृणाल आणि क्विंटन डी कॉक लखनौला, ट्रेंट बोल्ट राजस्थानला गेला. म्हणजे मधल्या फळीचा आधार, सलामीचा यष्टिरक्षक आणि नव्या चेंडूचा गोलंदाज हे सगळे एकाच वर्षी घराबाहेर पडले. बुमराच्या दुसऱ्या टोकाने टाकायला तोडीचा माणूस उरला नाही. हार्दिकने तर कर्णधार म्हणून त्याच वर्षी गुजरातला करंडक जिंकून दिला.

त्यात घरच्या कर्त्याचेही बिनसले. रोहितने त्या हंगामात २६८ धावा केल्या, पण एकही अर्धशतक केले नाही. आयपीएलमध्ये त्याच्या बाबतीत असे प्रथमच घडत होते.

थोडे नशिबाचे गणित

पण सगळा दोष लिलावाला देणेही बरोबर नाही. दोन संघ अगदी तुल्यबळ आहेत असे धरा. म्हणजे प्रत्येक सामना नाणेफेकीसारखा. मग पहिले आठही सामने हरण्याची शक्यता २५६ वेळांत एकदा येते. आता आपला संघ जरासाच कमजोर आहे, दहांपैकी चार सामने जिंकू शकेल असा आहे, असे धरा. तीच शक्यता एकदम साठांत एक एवढी होते. थोडक्यात, आठ पराभव पाहून जेवढा वाटतो तेवढा तो संघ वाईट असायलाच हवा असे नाही. थोडासा कमीपणा आणि थोडेसे दुर्दैव एकत्र आले की पुरते.

२१ एप्रिलचा चेन्नईविरुद्धचा सामना आठवा. महाराष्ट्राकडून रणजी खेळणाऱ्या मुकेश चौधरीने पहिल्याच षटकात रोहित आणि ईशान या दोघांना शून्यावर परत पाठवले. तरीही मुंबईने सामना शेवटच्या षटकापर्यंत नेला. त्या षटकात चेन्नईला १७ धावा हव्या होत्या आणि शेवटच्या चेंडूवर चार. धोनीने चौकार मारला. तो मुंबईचा ओळीने सातवा पराभव. गुणतक्त्यात या पराभवाला आणि एखाद्या दारुण पराभवाला एकच शून्य मिळते.

बेसबॉलशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होते. अमेरिकेत एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्स संघाने त्यातले १२१ हरून आधुनिक काळातला विक्रम केला. अमेरिकेभर त्यांची थट्टा झाली. तरी त्यांनी ४१ सामने जिंकले होते, म्हणजे शंभरात पंचवीस. मुंबईचे प्रमाण शंभरात अठ्ठावीस-एकोणतीस भरते. फरक फारसा नाही. मात्र १६२ सामन्यांत नशिबाची बाजू बरीचशी फिटून जाते आणि उरते ती संघाची खरी पत. चौदा सामन्यांत तेवढी सवड मिळत नाही.

हरणाऱ्याचे पुढे काय होते?

याबाबत प्रत्येक खेळाची रीत निराळी. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगचे तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. बेसबॉलमध्ये उलटे: मागे पडलेल्या संघांना नव्या खेळाडूंच्या निवडीत साधारणपणे झुकते माप मिळते. त्यापायी कोणी मुद्दाम हरू नये म्हणून आता त्यात सोडतही काढतात. आयपीएलमध्ये ना ती शिक्षा, ना ती मदत. प्रक्षेपणाच्या हक्कांतून येणाऱ्या पैशाचा मोठा हिस्सा संघांमध्ये वाटला जातो आणि तो शेवटच्या संघालाही मिळतो. पुढच्या वर्षी सगळे पुन्हा एका रेषेवर उभे राहतात.

आपल्या शेजारच्या मैदानावरही हे दिसले. २०२३ साली अमिरातीच्या आयएलटी-२० स्पर्धेच्या पहिल्याच वर्षी अबू धाबी नाइट रायडर्स दहांपैकी एकच सामना जिंकून सहा संघांत सहावा आला. आठ हरला आणि एक अनिर्णित राहिला. पुढच्याच वर्षी तो बाद फेरीत होता.

मग हरल्याने संघ बुडतच नाही का? बुडतो, पण केवळ हरल्यामुळे नव्हे. त्याचे उदाहरण आपल्याच पुण्याचे. सहारा समूहाने २०१० साली ३७ कोटी डॉलरना पुण्याचा संघ घेतला. २०१२ साली 'पुणे वॉरियर्स'ने सातपैकी चार सामने जिंकले आणि नंतरचे नऊच्या नऊ हरले. त्यातला गहुंज्याचा सामना मुंबईविरुद्ध अवघ्या एका धावेने गेला. पुढच्या वर्षीही सोळा सामन्यांत चारच विजय. पण संघ बंद पडला तो या पराभवांपायी नव्हे. करारातली रक्कम आणि बँक हमी यांवरून मंडळाशी वाद झाला, मे २०१३ मध्ये सहाराने अंग काढून घेतले आणि ऑक्टोबरमध्ये मंडळाने करार रद्द केला. तीन वर्षांत संघ रुजलाच नव्हता. पहिल्या वर्षी तर त्याचे घरचे सामने पुण्यात नव्हे, नव्या मुंबईत झाले होते. मुंबईच्या संघाच्या पाठीशी मात्र वानखेडे होते, सचिन तेंडुलकरचे नाव होते आणि हरल्यावर रागावणारी, तरीही पुढच्या सामन्याला येणारी माणसे होती. पैशाने संघ विकत घेता येतो. अशी माणसे जोडायला वर्षे लागतात.

उरलेल्या सामन्यांचे मोल

आपली संधी संपल्यावर संघ कसा खेळतो, हा हरलेल्या हंगामातला खरा प्रश्न. ३० एप्रिलला, रोहितच्या वाढदिवशी, राजस्थानला हरवून मुंबईने पहिला विजय मिळवला. ६ मे रोजी पुढे विजेत्या ठरलेल्या गुजरातला पाच धावांनी हरवले. अवघ्या एक कोटी सत्तर लाखांना घेतलेल्या तिलक वर्माने त्या वर्षी ३९७ धावा केल्या; सगळे नीट चालले असते तर त्याला एवढी संधी मिळाली असती की नाही, कोण जाणे.

२१ मे रोजी वानखेडेवर शेवटचा सामना दिल्लीशी होता. मुंबईला त्यातून काहीच मिळणार नव्हते. दिल्ली जिंकली तर पुढे जाणार होती आणि हरली तर तिच्या जागी बंगळूर. मुंबईने सामना हलक्यावारी घेतला असता तर बंगळूरचे दोन महिन्यांचे कष्ट वाया गेले असते. तसे झाले नाही. बुमराने तीन बळी घेतले आणि मधले बरेच सामने बाहेर बसवलेल्या टिम डेव्हिडने ११ चेंडूंत ३४ धावा करून सामना फिरवला. दिल्ली बाहेर गेली, बंगळूर पुढे गेले. गुणतक्त्यातली वरची जागा त्या दिवशी तळाच्या संघाने ठरवली.

कोणतीही स्पर्धा खरी राहते ती अशा संघांमुळे. ज्याला जिंकून काही मिळायचे नाही, तोच हलगर्जीपणे खेळू लागला, तर वरच्यांच्या यशालाही किंमत उरत नाही. मुंबई २०२४ साली पुन्हा शेवटून पहिली आली. तेव्हा हार्दिक कर्णधार होता आणि घरच्याच मैदानावर त्याची हुर्यो उडवली गेली. २०२५ साली हाच संघ पुन्हा पहिल्या चारांत होता.

आपली मुले येथे वाढताहेत. निळा सदरा घालून टीव्हीसमोर बसणाऱ्या या मुलांना गुणतक्ता वरून खाली वाचायची सवय असते. कधीतरी त्यांच्याबरोबर तो खालून वर वाचून पाहावा. तळाच्या संघाने कोणाकोणाला, कधी आणि कशासाठी हरवले, ते शोधायला लावावे. शाळेच्या परीक्षेत कधी मनासारखे झाले नाही, तर तेव्हाही ही गोष्ट त्यांच्या उपयोगी पडेल.