सांध्याची परीक्षा

स्वातंत्र्यापूर्वी रायपूर ज्या प्रांतात मोडत असे, त्याचे नाव ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’. राजधानी नागपूर. १९५६ साली विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, २००० साली छत्तीसगड वेगळे राज्य झाले. रायपुरातील मराठी कुटुंबे मात्र तेथेच राहिली. त्यांपैकी एखाद्यास संगणकावरील अर्जात ‘वऱ्हाड’ हा शब्द लिहावयाचा झाल्यास काय घडू शकते, हे पाहण्यासारखे आहे.

संकेतस्थळे उघडून दाखविणाऱ्या साधनास ब्राउझर म्हणतात आणि त्यास जोडावयाच्या लहानशा आज्ञावलीस एक्स्टेन्शन. रोमन कळा दाबल्या असता देवनागरी उमटविणारे एक्स्टेन्शन हा त्यातलाच एक प्रकार. ‘वऱ्हाड’मधील अर्धा र संगणकात दोन रीतींनी साठविता येतो. खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडावा, ही एक रीत, साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवावे, ही दुसरी. डोळ्यांना दोन्ही सारखीच. आता एक्स्टेन्शन दुसरी रीत वापरते आणि अर्जाचे पान अदृश्य चिन्हे गाळून टाकते, असे समजा. ‘वऱ्हाड’चे तत्काळ ‘वर्हाड’ होते. शब्दाच्या जागी ‘कऱ्हाडे’ हे आडनाव असेल, तर दाखल्यावर एक नाव आणि अर्जावर दुसरे! एवढ्या फरकावरून प्रकरणे परत जातात, हे कचेरीची पायरी चढलेल्या कोणासही सांगावयास नको.

आणि यात दोष तसा कोणाचाच नाही. एक्स्टेन्शन एकटे तपासले तर ते अचूक ठरते. पान एकटे तपासले तर तेही. रायपूरहून धमतरीस जाणारा जुना लोहमार्ग अरुंद मापाचा होता, मुख्य मार्ग रुंद मापाचा. दोन्ही आपापल्या ठिकाणी निर्दोष. तरी एकाचा डबा दुसऱ्यावर चालत नसे. दोष असतो तो सांध्यात. म्हणून भाग एकत्र जोडून, खऱ्या ब्राउझरमध्ये खरे पान उघडून जी परीक्षा घेतात, तिला एकात्मिक चाचणी म्हणतात.

ही परीक्षा माणसाने हाताने घ्यावी, तर तो लवकरच कंटाळतो. ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या काही आठवड्यांच्या अंतराने निघतात, आणि प्रत्येक वेळी सारे पुन्हा तपासणे प्राप्त होते. तेव्हा कळ दाबणे, अर्ज पाठविणे, उत्तर वाचणे ही कामे यंत्राकडेच सोपवितात. शिकागो येथे जेसन हगिन्स यांनी २००४ साली ‘सेलेनियम’ हे साधन याचसाठी रचले. पुढे २०१७ मध्ये ‘पपेटीअर’ व २०२० मध्ये ‘प्लेराइट’ आली.

एक्स्टेन्शनची परीक्षा साध्या पानाहून अवघड असते. पडद्यावर काही न दाखविता चालणारा क्रोम पूर्वी एक्स्टेन्शन स्वीकारीतच नसे. २०२३ साली आलेल्या नव्या पद्धतीने ही अडचण दूर केली. त्याहून फसवी गोष्ट निराळीच आहे. एक्स्टेन्शनचा एक भाग पडद्यामागे काम करतो, आणि सुमारे ३० सेकंद काम न मिळाल्यास क्रोम त्यास थांबवितो. त्याने केवळ स्वतःच्या चालू स्मृतीत ठेवलेले सारे तेव्हा नष्ट होते. चाचणी पाच सेकंदांत आटोपते, म्हणून ती उत्तीर्ण! कचेरीतला लेखनिक मात्र अर्धा अर्ज भरून चहास उठतो, परत येतो, आणि त्याने निवडलेली लेखनपद्धती एक्स्टेन्शन विसरलेले असते. यास्तव चाचणीतच तो भाग मुद्दाम थांबवून, पुन्हा जागा करून पाहावा लागतो. प्रत्येक चाचणीस कोरी प्रोफाइलही द्यावी लागते, नाहीतर आधीच्या चाचणीची उष्टी माहिती नव्या निकालात मिसळते.

‘वऱ्हाड’ची चाचणी लिहिताना पडद्याचे चित्र ताडून भागत नाही, कारण दोन्ही रीतींचे चित्र एकच. अर्ज पाठवून झाल्यावर साठविलेला शब्द परत वाचावा लागतो, आणि त्यातील एकेक चिन्ह, दिसणारे आणि न दिसणारेही, क्रमाने मोजून पाहावे लागते. तसे न केल्यास चाचणी हिरवा कंदील दाखवील, आणि दुसऱ्या रीतीने लिहिलेले तेच नाव शोधणाऱ्यास नोंद सापडणार नाही.