बॅटरीवर धावणाऱ्या मोठ्या रिमोट गाड्या : धंदा नेमका कुठे आहे?

क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांत मिळणारी रिमोटची गाडी आमच्या व्यापारी बंधूंना चांगली ठाऊक आहे. पेन्सिल सेल घातले की ती फरशीवर गोल फिरते आणि आठ दिवसांत तिचे चाक निखळते. आज आम्ही ज्या गाडीविषयी लिहीत आहोत ती या जातीची नव्हे. तिला एकास पाच प्रमाणाची गाडी म्हणतात. मारुती ८०० या प्रमाणात उतरवली तर ती सुमारे ६७ सेंटिमीटर लांब भरेल. अमेरिकेच्या ट्रॅक्सस कंपनीची एक्स-मॅक्स ही गाडी त्याहूनही लांब, सुमारे ७८ सेंटिमीटर आहे. वजन साडेआठ किलोच्या वर आणि वेग ताशी ८० किलोमीटर. हे लहान मुलाच्या हाती द्यायचे खेळणे नाही. पायावर आदळली तर हाड मोडेल.

विजेवरची रिमोट गाडी नवी नाही. जपानच्या तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शची छोटी विजेरी प्रतिकृती बाजारात आणली, तेव्हापासून हा छंद घरोघर गेला. परंतु मोठ्या गाड्या मात्र बराच काळ पेट्रोलच्याच राहिल्या. गवत कापण्याच्या मशीनला असते तसले २३ ते ३० सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन त्यांना बसवीत. कोकणात ग्रास कटर दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्रींसमोर असे इंजिन ठेवले तर त्यांना काहीच परके वाटणार नाही. तेच ऑईल मिसळलेले पेट्रोल, तीच दोरी ओढून सुरुवात, तोच कार्बोरेटरचा रुसवा. त्यात आवाज असा की शेजारी भांडायला येतो.

बदल घडविला तो दोन वस्तूंनी : ब्रशलेस मोटर आणि लिथियम पॉलिमर बॅटरी, जिला या धंद्यात लायपो म्हणतात. २०१५ मध्ये एक्स-मॅक्स आली, पुढच्याच वर्षी ती आठ सेलवर चालू लागली. लोसी कंपनीने आपली डीबीएक्सएल ही पेट्रोलची गाडी विजेवरही काढली. आर्मा कंपनीने क्रेटनची आठ सेलची मोठी आवृत्ती आणली. २०२२ मध्ये ट्रॅक्ससने एक्सआरटी नावाची दुसरी मोठी गाडी बाजारात उतरविली. एकामागून एक कंपन्या पैसा ओततात तेव्हा गिऱ्हाईक आहे हे सांगावे लागत नाही. अमेरिका आणि युरोप हे या मालाचे मुख्य बाजार. आखातातही रेतीवर अशा गाड्या पळविण्याचा शौक आहे आणि तिथे नोकरीला असलेल्या आपल्या तरुणांमार्फतच एखादी गाडी रत्नागिरीला किंवा मुंब्र्याला येऊन पोहोचते.

आता किंमत. अमेरिकेत अशी गाडी हजार डॉलरच्या आसपास पडते, आणि त्यात बॅटरी व चार्जर धरलेले नसतात. भारतात खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. भाडे, कर व दुकानदाराचा नफा मिळून गिऱ्हाइकाला ती दुपटीच्या पुढे जाते. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना आयएसआय शिक्का बंधनकारक आहे. खोक्यावर '१४ वर्षांवरील' असे छापले म्हणजे आपण सुटलो असे कोणी समजू नये. रिमोटमध्ये रेडिओ असतो, त्याची मंजुरी वेगळी. माल मागविण्याआधी कस्टम एजंटकडून लेखी घ्यावे.

आमच्या परिचयातील एका दुकानदाराने हे सर्व सांभाळून दोन गाड्या आणल्या आणि महिन्याभरात विकल्याही. तोंड गोड झाले. दीड महिन्याने पहिले गिऱ्हाईक परत आले : मागचा शाफ्ट तुटला होता. स्पेअर दुकानात नव्हता. बाहेरून मागविला तो सात आठवड्यांनी आला, आणि तोही दुसऱ्या मॉडेलचा. तोवर दीड-दोन लाखांची गाडी माळ्यावर पडून होती. गिऱ्हाइकाने चार मित्रांत बोभाटा केला, तिसरी गाडी खपली नाही. चूक कोणाची? आमच्या मते दुकानदाराचीच. या धंद्यात गाडी एकदा विकली जाते, टायर, शाफ्ट, डिफरन्शियलचे गिअर आणि बेअरिंग वर्षभर विकले जातात. दोन गाड्यांच्या भांडवलात एक गाडी आणि बाकी स्पेअर आणले असते तर तो आज या धंद्यात असता.

आणि इथेच आमच्या कारागिरांचा विषय येतो. बेअरिंगचे म्हणाल तर बहुतेक प्रमाणित मापाचीच असतात. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून नागदेवी स्ट्रीटवर चौकशी करावी, कंपनीच्या पाकिटासाठी दुप्पट दाम मोजण्याची गरज नाही. लेथवाल्यांकडे गिऱ्हाईक चकचकीत ॲल्युमिनियमचे आर्म मागेल. मोटरचा माउंट किंवा चाकाचा हब करून द्यावा, आर्म मात्र करू नये असे आम्ही म्हणू. नायलॉनचा आर्म धक्का खाऊन वाकतो आणि परत सरळ होतो, ॲल्युमिनियमचा वाकला की वाकलाच, आणि धक्का पुढे महागड्या भागाकडे सरकवितो. गिऱ्हाइकाला हे आधी सांगितले तर एक काम जाईल, पण गिऱ्हाईक राहील.

सोल्डरिंगचे कामही चांगले आहे. मोबाईल दुरुस्तीची बारीक इस्त्री इथे चालत नाही. तारा जाड, उष्णता ओढून घेतात. ८० ते १०० वॉटची इस्त्री आणि रुंद टोक हवे. आठ सेलची बॅटरी पूर्ण भरली की ३३.६ व्होल्ट होतात. जोर लावताच शंभर अँपिअरपर्यंत प्रवाह खेचला जातो, म्हणजे तीन किलोवॉट, चार अश्वशक्ती. इतक्या ताकदीपुढे कच्चा टाका वितळतो. लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर वेग सांभाळणारा ईएससी जागीच जातो. त्याची भरपाई कारागिराच्या महिन्याच्या कमाईत बसत नाही.

बॅटरीविषयी आम्ही थोडे कठोर लिहितो. एका वर्कशॉपात आम्ही फुगलेली लायपो पाहिली. पावाच्या लादीसारखी वर आलेली, आणि मालक ती 'अजून एकदा' चार्ज करीत होता. आम्ही ती काढायला लावली. अशी बॅटरी पेटली तर घटकाभरात दुकान भरून धूर होतो. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टवर भरतो, त्यापुढे एक कणही नको. चार्जर बॅलन्स करणाराच असावा. ठेवायची असेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवावी, भरलेली किंवा रिकामी नव्हे. चार्जिंग लाकडी फळीवर नको, फरशीवर करावे, आणि माणूस समोर असावा. रात्री लावून झोपणाऱ्याला बॅटरी विकूच नये.

दुबईहून आणणाऱ्यांसाठी एक हिशेब : व्होल्टला अँपिअर-तासाने गुणावे. १४.८ व्होल्टची ५००० एमएएच बॅटरी ७४ वॉट-तास भरते. १०० पर्यंत विमानात चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, वर गेल्यास प्रवाशाला नेता येत नाही. सुटी बॅटरी हातातल्या सामानातच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. विमानतळावर जप्त झालेली बॅटरी परत मिळवण्याचा खटाटोप कोणालाही परवडत नाही.

मोटर रिवाइंडिंगच्या मिस्त्रींनी मात्र फार आशा धरू नये. या मोटरचे लोहचुंबक आणि आतील जाड गुंडाळी यांत वेळ इतका जातो की नवी मोटर स्वस्त पडते. बेअरिंग बदलणे आणि सफाई, एवढेच काम त्यात आहे. त्याला पावसाळ्यानंतर हंगाम येतो. विजेचे भाग पाणी सोसतात असे कंपन्या सांगतात, बेअरिंग सोसत नाहीत. जुलैत चिखलातून पळविलेली गाडी ऑक्टोबरला गिऱ्हाईक बाहेर काढते तेव्हा चाके फिरत नाहीत, आणि बेअरिंगचा पूर्ण संच बदलावा लागतो.