शिवनेरी : गडाने जपलेली जागा, घरांनी जपलेली तारीख

छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म कोठे झाला, याविषयी महाराष्ट्राला कधी शंका पडली नाही. तो केव्हा झाला, याविषयी मात्र विसाव्या शतकापर्यंत एकवाक्यता नव्हती. जागा लोकस्मृतीने सांभाळली. तारीख शोधण्यासाठी कागदांचा आधार घ्यावा लागला. ते कागद कोठे सापडले, हे आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांनी आवर्जून जाणून घ्यावे असे आहे.

प्रथम जागेविषयी. जुन्नर शहराला लागूनच शिवनेरीचा डोंगर उभा आहे. एकामागून एक सात दरवाजे ओलांडून गडावर जाता येते. वाटेत शिवाई देवीचे मंदिर लागते. या देवीवरूनच बाळाचे नाव शिवाजी ठेवले, अशी परंपरा आहे. माथ्यावर जन्मस्थानाची दुमजली वास्तू, गंगा-जमुना ही पाण्याची टाकी, बदामी तलाव आणि धान्याचा अंबरखाना पाहावयास मिळतो. जिजाबाई येथे आल्या तो काळ मोठा धामधुमीचा होता. १६२९ साली त्यांचे वडील लखुजी जाधवराव यांची निजामशाही दरबारात हत्या झाली होती. शिवनेरीचे किल्लेदार विश्वासराव हे शहाजीराजांचे व्याही. त्यामुळे हा बळकट गड जिजाबाईंना सुरक्षित वाटला असणार.

पुढील इतिहास मात्र विलक्षण आहे. निजामशाही बुडाल्यावर शिवनेरी मोगलांकडे गेला. १६५७ मध्ये महाराजांनी जुन्नर शहरावर छापा घातला आणि नंतर गड घेण्याचाही प्रयत्न केला. पण स्वतःचे जन्मस्थान त्यांच्या हयातीत स्वराज्यात आले नाही. ते मराठ्यांच्या हाती आले अठराव्या शतकात, पेशवाईत. म्हणजे सत्ता परकी असतानाही या जागेची आठवण भोवतालच्या लोकांनी धरून ठेवली. याच गडावर कोळी चौथराही आहे. मोगल अमलाविरुद्ध उठलेल्या महादेव कोळ्यांच्या शिरच्छेदाची आठवण तेथे आजही सांगितली जाते.

कल्याण-मोहने भागातील वाचकांना जुन्नर परके वाटू नये. प्राचीन काळी कल्याण बंदरात उतरलेला माल नाणेघाटाने वर चढून जुन्नरच्या बाजारात जाई. घाटमाथ्यावरील मोठा दगडी रांजण जकात गोळा करण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. लेण्याद्रीच्या चैत्यगृहातील शिलालेखात दाता म्हणून कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे नाव कोरलेले आहे. जुन्नर परिसरातील आणखी एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिल्याची नोंद आहे. मानमोडी डोंगरावरील अंबिका लेणीगटात पुढील काळात जैन मूर्तीही कोरल्या गेल्या; अंबिका ही भगवान नेमिनाथांची यक्षिणी, हे आपण जाणतोच. १६७५ मध्ये जॉन फ्रायर हा इंग्रज वैद्य मोगल अधिकाऱ्याच्या निमंत्रणावरून मुंबईहून जुन्नरला गेला, तोही कल्याण, टिटवाळा, मुरबाड याच वाटेने. शिवनेरीवर हजार कुटुंबांना सात वर्षे पुरेल एवढी सामग्री साठवलेली असल्याचे त्याने लिहून ठेवले.

आता तारखेविषयी. बखरींमध्ये शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे इसवी सन १६२७ हा जन्मकाळ दिलेला होता आणि दीर्घकाळ तोच प्रचलित राहिला. पुढे लोकमान्य टिळकांना जेधे देशमुखांच्या घराण्यातील शकावली मिळाली आणि १९१६ साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातही हीच तिथी आढळली. त्यानंतर जोधपूरच्या एका ज्योतिषी घराण्याच्या संग्रहात महाराजांची जन्मकुंडली सापडली आणि तीही या तिथीशी जुळली. एकमेकांशी संबंध नसलेली तीन साधने एकच उत्तर देतात, तेव्हा त्या उत्तराला वजन येते. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अशी सिद्ध झाली आणि महाराष्ट्र शासनानेही ती मान्य केली.

या तीन साधनांपैकी दोन खासगी घरांतून आली. जेध्यांनी आपल्या घराण्याशी निगडित घटनांची टिपणे ठेवली होती, तर जोधपूरच्या ज्योतिषाने व्यवसाय म्हणून कुंडल्या जमवल्या होत्या. आपल्या कागदांमुळे पुढे एवढा मोठा वाद मिटेल, याची त्या घरांना कल्पनाही नसेल. त्यांच्या वंशजांनी ते कागद टाकून दिले नाहीत, एवढे खरे.

येथे आपल्या घरांचा विचार करावासा वाटतो. दिवाळीला वहीपूजन आपण भक्तिभावाने करतो. पण आजोबांच्या काळातील रोजमेळ, खतावण्या, हुंड्या, जन्मपत्रिका, भागीदारीचे करार यांचे काय होते? घर बदलताना किंवा दुकानाचे नूतनीकरण करताना हे गाठोडे प्रथम रद्दीत जाते. कोणत्या गावाहून माल येई, धान्याचा भाव काय होता, दुष्काळात उधारी कशी चालली, हे त्या वह्यांखेरीज कोठेही लिहिलेले नसते. बँकेत जुने दप्तर नष्ट करावयाचे झाल्यास आधी यादी करून वरिष्ठांची संमती घ्यावी लागते. घरातही असा नियम असावा.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. जुने कागद कोरड्या जागी सुती कापडात गुंडाळून ठेवावेत. त्यांना चिकटपट्टी लावू नये आणि प्लास्टिकमध्ये कायमचे बंद करू नये. मोबाइलवर प्रत्येक पानाचे छायाचित्र घ्यावे. घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवर कोणाचे नाव, कोणते नाते, कोणते गाव, हे त्यांच्याकडून विचारून वेगळ्या वहीत लिहावे. मोडीतील मजकूर जाणकाराकडून वाचून घ्यावा. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून असेच कागद जपत आले आहे. आपल्याकडे सांभाळणे शक्य नसेल, तर अशा संस्थेकडे विचारणा करावी.

जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतील १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात शिवनेरीही आहे. गडाची काळजी आता अनेक यंत्रणा घेतील. आपल्या माळ्यावरील गाठोड्याची काळजी मात्र आपल्यालाच घ्यावी लागेल. येत्या सुट्टीत मुलांना माळशेज घाटाने जुन्नरला न्यावे, शिवनेरी आणि लेण्याद्री दोन्ही दाखवावे, कल्याणच्या त्या जुन्या दात्याची गोष्ट सांगावी. आणि घरी परतल्यावर ते गाठोडे त्यांच्या देखत उघडावे.