दीडशेच्या आत

नातीच्या मनगटावर रुपयाएवढं लाल कडं उठलं होतं. मधली कातडी जवळपास साफ, कडेला बारीक पुरळ. चिपळूणला पावसाळे काढलेल्या बाईला याचं नाव कुणी सांगावं लागत नाही. "गजकर्ण," मी म्हटलं आणि पुण्याहून न्यू जर्सीला आणलेली ट्यूब शोधायला बॅगेत हात घातला. मुलीने तो धरला. "आई, ते स्टेरॉइडवालं मलम नको. आणि हे मोतीमुळे झालं असेल."

मोती म्हणजे त्यांची चिंचिला. उंदराच्या जातकुळीतली, पण सशाचे कान आणि खारीची शेपटी चोरून आणल्यासारखी. तिच्या नाकाशेजारचे केस गेले होते, खाली पापुद्रे सुटले होते. पशुवैद्यांनी केस उपटून तपासणीला लावले. ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिस, म्हणजे गजकर्णाची बुरशी. मोतीला तोंडाने औषध आणि नातीला मलम सुरू झालं. माझ्या डोक्यातून मात्र एक गोष्ट जाईना. महिन्यापूर्वी नातीने मोतीला बेबी शाम्पूने आंघोळ घातली होती. लाडाने. वरून पुसली, वाटली कोरडी.

म्हणून मी एका बाईंकडे गेले. न्यू जर्सीतच, गावाबाहेरच्या घराच्या तळघरात त्या लोकांच्या चिंचिला सांभाळतात. मालक गावाला गेले की चार दिवस, कंटाळले की कायमच्या. दार उघडताच वास आला तो जनावरांचा नव्हे, सुक्या गवताचा. आमच्याकडे भाताच्या उडवीजवळ यायचा तसा.

भिंतीवरच्या फळ्यावर दोन आकडे आणि त्यांची बेरीज होती: 66 + 48 = 114. पहिला आकडा फॅरनहाइटमधलं तापमान, दुसरा हवेतल्या दमटपणाचा टक्का. बेरीज दीडशेच्या आत हवी, असं चिंचिला पाळणाऱ्यांचं गणित. हे गणित बाई रोज सकाळ-संध्याकाळ करतात. "पण दीडशे उष्माघातासाठी आहे," त्या म्हणाल्या, "बुरशीसाठी नाही." मग खडूने लिहून दाखवलं: 66 + 78 = 144. बेरीज आत, आणि बुरशीची चैन. म्हणून त्या दुसऱ्या आकड्याखाली वेगळी रेघ मारतात. पन्नासच्या वर गेला की हवा सुकवणारं यंत्र वाढवायचं. त्याची बादली माझ्यासमोर त्यांनी दोनदा ओतली. तळघराच्या हवेत एवढं पाणी असतं हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

हा प्राणी चिलीच्या कोरड्या डोंगरांतला. चॅपमन नावाच्या खाण-अभियंत्याने 1923 साली डझनभर चिंचिला तिथून कॅलिफोर्नियात आणल्या, त्या फरसाठी. अमेरिकेतल्या बहुतेक पाळीव चिंचिला त्यांच्याच वंशातल्या. एकेका मुळातून पन्नास-साठ केस निघतात. बाईंनी एकीच्या पाठीवर फुंकर मारली, तेव्हा लव दुभंगून खोल खड्डा पडला आणि तळाशी चिमूटभर गुलाबी कातडी दिसली. एवढ्या दाटीत पाणी शिरलं तर ते बाहेर यायचं कुठून?

म्हणून आंघोळ धुळीची. रांगोळीहून कितीतरी बारीक राखाडी भुकटी, बोटांतून पाण्यासारखी निसटते. बाईंनी वाडगं आत ठेवलं. प्राण्याने मिशा हलवून वास घेतला, क्षणभर थांबला आणि धाडकन आडवा होऊन गरगरा लोळू लागला. इतक्या वेगात की पोट कुठलं, पाठ कुठली कळेना. धुरळा उठला, मला शिंक आली. दहा मिनिटांत वाडगं बाहेर. ठेवून दिलं तर त्यातच मुततात, आणि डोळेही चुरचुरतात. उरलेली धूळ मैद्याच्या चाळणीने चाळून त्याच प्राण्याच्या डब्यात परत. दुसऱ्याच्या वाडग्यात पहिल्याची धूळ कधीच नाही.

काही जण धुळीत बुरशीनाशक मिसळतात, पिकांवर मारायचं कॅप्टनसुद्धा. बाईंना ते आवडत नाही. मलाही पटलं नाही. रोज नाकातोंडात जाणारी धूळ ती.

नव्या पाहुण्याला तीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवतात. त्याच्या अंगावरून नवा टूथब्रश फिरवायचा आणि ब्रशचे दाते तपासणीच्या बशीत टेकवायचे. प्राणी वरून ठणठणीत असला तरी बुरशी असली तर पिवळी बशी लाल होते. मुताने भिजलेली लाकडी फळी धुवत बसायचं नाही, टाकूनच द्यायची. झडलेल्या केसांत बुरशीचे बीजाणू महिनोन्‌महिने तग धरतात.

नातीच्या आंघोळीची गोष्ट मी चाचरत सांगितली. बाई हसल्या नाहीत. "बुरशी बहुतेक दुकानातूनच आली असेल. ओलाव्याने तिचं फावलं." मग म्हणाल्या, "मुलीला रागावू नका. माझ्याकडे आलेल्या निम्म्या अशाच आंघोळ घातलेल्या."

घरी नातीने फ्रिजवर कागद चिकटवला. पहिल्या दिवशी 72 + 63. "आजी, दीडशेच्या आत आहे ना?" मी दुसऱ्या आकड्याकडे बोट दाखवलं. तिने जाऊन खिडकी लावली.

ऑगस्टमध्ये पुण्याला परतले. कपाटातल्या साड्यांना कुबट वास, बाहेर झिमझिम. शेजारच्या मुलाने फोनवर जाहिरात दाखवली: चिंचिला, घरपोच. मी भिंतीवरच्या यंत्रावर पाहून बेरीज केली. 79 आणि 88. एकशे सदुसष्ट. दिलेला नंबर लावला आणि विचारलं, एसी लागेल का?

"पंखा चालेल, मॅडम," विकणारा म्हणाला. "आणि आठवड्यातून एकदा आंघोळ घाला."